सोजरबाईंची उठबस

ईसीजीचं मशीन डोक्यावरूनही नेता येतं, हे मला कळलं तेव्हा मशीन जिन्याच्या निम्म्यावर होतं आणि आमचे डॉक्टर पहिल्या पायरीवर कठडा धरून उभे होते. त्या काळी ते मशीन म्हणजे शिलाई मशीनच्या पेटीएवढं जड खोकं असायचं. डॉक्टर पिंगळीकर त्याला पोटच्या पोरासारखं जपत. वरच्या मजल्यावरच्या पेशंटसाठी ते न्यायचं तर दोन माणसं लागत, एक पुढं, एक मागं, आणि मधे स्वतः डॉक्टर "सावकाश, सावकाश" म्हणत चालायचे. त्या दिवशी दोघांतला एक जण आला नव्हता. आदल्याच दिवशी कामाला लागलेल्या एक आयाबाई पुढं झाल्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ केली, खोकं डोक्यावर घेतलं आणि दोन्ही हात मोकळे सोडून चढायला लागल्या. डॉक्टर खाली उभ्या उभ्याच धापा टाकायला लागले. वर पोचल्यावर त्या बाईंनी मान तशीच ताठ ठेवून गुडघे वाकवले, खोकं टेबलावर उतरवलं आणि खाली बघून विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुमी काहून हाफताय? वझं तर माझ्या डोक्यावर व्हतं."

या सोजरबाई.

सोजर हे त्यांचं खरं नाव. पुढं त्या बायकांना रांगेत उभं करायला लागल्यावर पुष्कळांना वाटायचं, छावणीतल्या सोजिरावरून कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं असावं. त्या सांगायच्या, "माझा आजा छावणीत मेंढरं इकायला गेला व्हता. गोऱ्या शिपायाचे बूट बघून आला अन् म्हणला, आता घरात जे काय जल्माला येईल ते सोजर. मीच आले."

दौलताबादच्या पलीकडच्या एका गावातलं त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. वर्षातले आठ महिने कळपामागं चालायचं, पार बालाघाटच्या डोंगरापर्यंत जायचं आणि पाऊस लागला की परत यायचं. कळप विकावा लागला, नवरा वारला, मुलगा शहरात टेम्पो चालवायला लागला आणि सोजरबाई आमच्या दवाखान्यात आल्या. वय विचारलं तर म्हणत, "मोठ्या दुष्काळात मला दोन लेकरं व्हती." त्यावरून आम्ही पन्नाशी धरली.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथं नोकरीला लागले होते. ईसीजी काढायचा, नाडी आणि रक्तदाब मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा, एवढं माझं काम. दवाखाना सिडकोत होता. आजूबाजूला रोज एक घर उठत होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यांचे भोंगे ऐकून लोक घड्याळं लावत होते, वाळूजला आणखी मोठ्या कंपन्या येणार म्हणून प्लॉट धरून ठेवत होते. गावाकडची शेती वाट्यानं देऊन माणसं शहरात येत होती, आणि त्यांच्या बायका आमच्या दवाखान्यात. सगळ्यांची तक्रार साधारण एकच. धडधडतं, दम लागतो, हातपाय गळून गेल्यासारखं वाटतं, कशात मन लागत नाही. डॉक्टर तपासत, गोळ्या लिहून देत आणि म्हणत, "रोज चालत जा." बायका मान हलवत आणि रिक्षानं घरी जात.

त्यांचंही खरं होतं. आमच्या कॉलनीत बाईनं चालायचं म्हणजे कुठंतरी जायला पाहिजे. नुसत्या चालणाऱ्या बाईला लोक विचारत, घरात काही भांडण झालं का.

सोजरबाईंना हे सगळं अजब वाटे. त्या स्वतः खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. "खुर्ची म्हंजी खोडा," असं त्यांचं मत. दुपारी मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ दोन पायांवर बसून हातावरच भाकरी खायच्या आणि हात कुठंही न टेकता सरळ उभ्या राहायच्या. मी एकदा करून बघितलं. मला टाकीचा नळ धरावा लागला आणि नळ निखळला.

त्यांनी माझ्याकडून नाडी बघायला शिकून घेतली होती. घड्याळ कळायचं नाही, म्हणून मी सेकंदाचा काटा बघायचा आणि त्या मोजायच्या. मोजणं मात्र मेंढरांचं. वीस झाले की एक बोट दुमडायचं. "तीन ईसा अन् बारा," असं त्या सांगत आणि मी रजिस्टरमध्ये बहात्तर लिहीत असे. कधी चुकल्या नाहीत.

एक दिवस कमलताईंना खुर्चीतून आणलं. कमलताई म्हणजे चिकलठाण्याच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरांची बायको. माहेर-सासर दोन्हीकडं बागायत, आता सिडकोत स्वतःचा बंगला. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला होता. डॉक्टरांनी तेव्हा काही आठवडे विश्रांती सांगितली होती. घरच्यांनी ती जन्मभराची समजली. दर महिन्याला दोन धिप्पाड मुलं आईला वेताच्या खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्हीकडून उचलून आणत. डॉक्टर तपासून सांगत, "आता सगळं ठीक आहे, ताई. हळूहळू हिंडाफिरायला लागा." खुर्ची उचलून परत जाई.

त्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. सोजरबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी कमलताईंना विचारलं, "बाई, घरी काय करता?"

"काही करू देत नाहीत. मिक्सर आहे, गॅस आहे, भांड्याला बाई आहे. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात."

"मग दिसभर काय करता?"

कमलताईंनी जरा विचार केला. "काळजी करते."

"बसून का निजून?"

"निजून."

सोजरबाईंनी फडकं बादलीत टाकलं. "उठा बरं."

मुलं लगेच दोन्ही बाजूंनी आली. सोजरबाईंनी पुसणीची काठी आडवी धरली. "तुमी नाय. त्या." कमलताई खुर्चीचे हात धरून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. दुसऱ्यांदाही तेच. सोजरबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसून म्हणाल्या, "पाय मागं घ्या. नाक गुडघ्याच्या म्होरं आणा. आता जिमिनीला ढकला, जिमीन कुठं जात नाय." तिसऱ्यांदा कमलताई उभ्या राहिल्या. हात दोन्ही बाजूंना मोकळे. त्या रडणार असं मला वाटलं. पण त्या मुलांकडं बघून म्हणाल्या, "माझी चप्पल कुठंय? आठ महिने झाले, कुणी माझी चप्पलच आणली नाही."

उठून चालायचं खरं कारण त्यांनी दुसऱ्या खेपेला सांगितलं. त्यांची धाकटी जाऊ प्रमिला उस्मानपुऱ्यात नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली होती. वास्तुशांतीला कमलताई गेल्या, पण जिना झेपणार नाही म्हणून खाली रिक्षातच बसून राहिल्या आणि जाऊबाईंनी वरून ताट पाठवलं. "घरातली मोठी सून मी, आणि रिक्षात बसून जेवले. रिक्षावाला पण जेवला, शेजारी बसून. आता ती सगळ्यांना सांगते, वहिनींना झेपायचं नाही, आम्हीच येत जाऊ. नवा फ्रिज घेतलाय. सगळ्या भावकीनं बघितला, मी सोडून."

"पायऱ्या किती?" सोजरबाईंनी विचारलं.

ते कमलताईंना माहीत नव्हतं. सोजरबाई पुढच्या रविवारी सिडकोहून उस्मानपुऱ्याला चालत गेल्या, जिना मोजून आल्या आणि सोमवारी म्हणाल्या, "दोन ईसा अन् चौदा." आमच्या दवाखान्याचा जिना अठरा पायऱ्यांचा. म्हणजे तो तीनदा.

अशी ती मागच्या अंगणातली उठबस सुरू झाली. आधी कमलताई एकट्याच. मग त्यांना बघून शहागंजच्या कापडाच्या व्यापाऱ्याची बायको नसीमआपा आल्या. दुकान खाली, घर वर आणि मधला जिना नोकराच्या पायांनी चढायचा, अशी त्यांची आठ-दहा वर्षं गेलेली. "मावशी, दिल में कैसा कैसा तो बी होता," एवढंच त्या सांगत. मग नगरपालिकेच्या शाळेतल्या विमलबाई आल्या. रक्तदाब लवकर सुरू झालेला, आणि शाळेत दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. त्यांच्या मागं आणखी पाच-सहा जणी.

व्यायाम असा काही नव्हताच. बायका जे घरात करायचं विसरल्या होत्या, तेवढंच. स्टुलावरून हात न लावता उठायचं, मग स्टूल काढून पोत्यांच्या घडीवरून, मग पाटावरून. दोन हातांत वाळूच्या अर्ध्या अर्ध्या बादल्या घेऊन टाकीपासून फाटकापर्यंत जायचं. कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकून परात उचलायची आणि वरच्या फळीवर ठेवायची. भिंत ढकलायची. एका पायावर उभं राहून शेजारणीशी बोलायचं. पायरी चढायची, उतरायची. नऊवारीवाल्यांना हे सोपं जायचं. पाचवारीवाल्या पहिले चार दिवस निऱ्या सावरण्यातच दमल्या, मग त्याही ओचा खोचायला शिकल्या. नसीमआपा बुरखा काढून टाकीवर वाळत घातल्यासारखा ठेवत आणि बाहेर कुणी पुरुष दिसला की सगळ्या जणी मिळून त्यांच्यापुढं उभ्या राहत.

किती करायचं, याचं सोजरबाईंचं माप एकच. "करताना बोलता आलं पायजे. गाता आलं तर समजा आळस करताय. बोलताबी येईना झालं की थांबा." पण नसीमआपांना बादल्या उचलून कव्वाली म्हणता यायची. "मेरे कू गाने में तकलीफच नै होती, मैं क्या करूँ?" सोजरबाईंनी त्यांच्या बादलीत वाळू वाढवली. कव्वाली थांबली नाही. शेवटी निम्म्याहून जास्त भरलेल्या बादल्यांवर आपांचा सूर तुटला आणि सगळ्या अंगणानं सुटकेचा श्वास सोडला.

आणि एक वाक्य त्या रोज म्हणायच्या. "काळीज म्हंजी मेंढरू हाय. बांधून ठेवलं तर सुकतं. लई पळवलं तर मरतं. त्याला चारत चारत न्यायचं."

डॉक्टरांना हे पंधरा दिवसांनी कळलं. त्यांनी खिडकीतून बघितलं तेव्हा त्यांच्या सात पेशंट एका पायावर उभ्या होत्या. ते खाली आले. "सोजरबाई, हा दवाखाना आहे की तालीम? उद्या यातली एक जरी खाली पडली तर मी काय उत्तर देऊ? बंद करा."

सोजरबाईंनी वाद घातला नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "शालन, ती वही दे सायबाला." पहिल्या दिवसापासून त्या मला प्रत्येकीची नाडी आणि रक्तदाब आधी आणि नंतर लिहायला लावत होत्या. मी कुरकुरले की म्हणत, "मला वाचता येत नाय, पण डॉक्टरला येतं. कधीतरी तो येणार खाली."

डॉक्टर वही घेऊन वर गेले.  दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला वेगळं बोलावून तपासलं, दोघींना अजून थांबा म्हणाले, बाकीच्यांना परवानगी दिली. नियम घातले. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटला तर लगेच थांबायचं आणि त्यांना हाक मारायची. त्यांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत.

हा शेवटचा नियम सोजरबाईंनी डॉक्टरांपेक्षा कडक पाळला. नसीमआपांनी एकदा हसत हसत सांगितलं, की आता बरं वाटतं तर गोली कायको खाना, आठ दिवसांपासून बंद केली. सोजरबाईंनी त्यांना तीन दिवस रांगेबाहेर काढलं. आपा फाटकापाशी स्टूल घेऊन बसल्या आणि बाकीच्यांचं बघत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी गोळीचं पाकीट आणून सोजरबाईंना दाखवलं, रिकामी झालेली घरं मोजून दिली, तेव्हा त्यांना बादल्या परत मिळाल्या.

त्याच सुमाराला पुण्याहून एक मोठे हृदयरोगतज्ज्ञ आमच्या दवाखान्यात आले होते. अंगणातला प्रकार बघून ते फार प्रभावित झाले. "फारच शास्त्रशुद्ध आहे. बाई, तुमचं शिक्षण कुठं झालं?"

"बालाघाटला," सोजरबाई म्हणाल्या.

"अच्छा, मध्य प्रदेशात. किती वर्षांचा कोर्स?"

"तीस वरसं."

पाहुण्यांनी आमच्या डॉक्टरांकडं बघितलं. आमचे डॉक्टर आभाळाकडं बघत होते.

याच काळात शहरात विद्यापीठाच्या नावावरून आंदोलन पेटलेलं होतं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा दगडफेक. एसटी कधी सुटायची, कधी नाही. विमलबाई नामांतराच्या मोर्चांना जायच्या. एकदा सत्याग्रहात त्यांना अटक झाली. पंधरा दिवस आत राहून त्या सुटल्या आणि घरी न जाता, हातातल्या पिशवीसकट, सरळ आमच्या अंगणात आल्या. "तिथंही रोज उठबस केली, मावशी," त्या म्हणाल्या. "बराकीतल्या बारा जणींना शिकवली."

सोजरबाई खूश झाल्या. त्या दिवशी त्यांनी नवा प्रकार काढला होता. दोघींनी समोरासमोर पोत्याच्या घडीवर बसायचं, पाय पायांना लावायचे, हातात हात घ्यायचे आणि एकमेकींना ओढत एकदम उठायचं. दोघींचं वजन जुळत असेल तरच जमतं. त्यांनी कमलताईंना विमलबाईंसमोर बसवलं.

कमलताईंनी हात पुढं केला नाही. त्यांच्या नवऱ्याची, दिरांची, सगळ्या भावकीची मतं दुसऱ्या बाजूची होती आणि त्या दिवसांत घराघरांत दुसरा विषय नव्हता. "मला आज बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "आमच्याकडं चालणार नाही, मावशी. तुम्ही मला दुसरी जोडीदारीण द्या."

विमलबाईंना ऐकू गेलं होतं. त्या उठून भिंत ढकलायला गेल्या.

सोजरबाई म्हणाल्या, "जोडी वजनावरनं हाय, ताई. तुमच्या वजनाची दुसरी नाय माझ्याजवळ. नसंल चालत तर घरी भिंत हायच."

कमलताई चप्पल घालून गेल्या.

सगळ्या गेल्यावर मी सोजरबाईंना म्हटलं, "तुम्ही त्यांना थोडं समजावून सांगायचं होतं."

त्या टाकीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. बादलीतली वाळू हातानं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काय समजावू? नामांतराचं पयल्यांदा पेटलं त्या साली आमच्या गावच्या दलित वस्तीला आग लावली, तवा मी मेंढरं घिऊन माळावर व्हते. धूर दिसला. लई धूर. म्हणलं, ओलं सरपण असंल कोणाचं. दुसऱ्या दिशी गावात आले. वस्तीत भिंती उभ्या अन् वर काय नाय. एक बाई राखेत हंडा हुडकत व्हती. माझ्या वळखीची. तिनं इचारलं, सोजर, तुला धूर नाय दिसला? मी म्हणलं, नाय दिसला."

त्या उठल्या आणि बादल्या रिकाम्या करायला लागल्या. ही गोष्ट त्यांनी परत कधी काढली नाही, मीही विचारली नाही.

कमलताई अकरा दिवसांनी आल्या. घरी त्यांनी भिंत ढकलून बघितली होती, पण घरातली भिंत बोलत नव्हती. नवऱ्याला त्यांनी सांगितलं होतं, डॉक्टरांचा हुकूम आहे. येताना पर्समधून एक स्वच्छ टॉवेल आणला होता. त्या विमलबाईंसमोर बसल्या आणि टॉवेलचं एक टोक त्यांच्याकडं केलं.

विमलबाईंनी टॉवेलकडं बघितलं. "धरते," त्या म्हणाल्या. "पण ताई, तुम्हांला उठायला माझंच वजन लागतंय, एवढं ध्यानात ठेवा."

कमलताईंनी टॉवेलचं आपलं टोक मुठीला गुंडाळलं. दोघी टॉवेल धरून उठल्या, बसल्या. पाच-सहा दिवस असं चाललं. अंगणात त्या दोघींच्या बाजूला कुणी गप्पा मारत नव्हतं. मग एक दिवस कमलताईंचा टॉवेल दोरीवरून कुठं गेला ते सापडेना. सोजरबाईंनी दवाखान्यातला एक काढून दिला, अनेकदा उकळून पांढरा झालेला. दोघींनी ओढला, दोघी जमिनीपासून वीतभर वर आल्या आणि टॉवेल मधोमध फाटला. दोघी पोत्यावर मागच्या मागं बसल्या. कमलताईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की डॉक्टर वरून धावत आले. विमलबाई आधी हसल्या. मग कमलताईंनाही हसू आवरेना. नसीमआपा तर बादल्या खाली ठेवून पोट धरून बसल्या. हसण्याची नाडी किती होते ते मोजा म्हणून सोजरबाई माझ्यामागं लागल्या.

त्यानंतर टॉवेल आला नाही. तो फाटका टॉवेल मी नंतर बघितला, त्याच्या मधोमध कात्रीची खूण होती. मी सोजरबाईंना विचारलं. "दवाखान्यातल्या कात्र्या लई धारदार," एवढंच त्या म्हणाल्या.

थंडी संपता संपता कमलताईंची परीक्षा झाली. दवाखान्याचा जिना त्या एव्हाना तीनदा चढत होत्या, मधे दोन जागी थांबून. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढायला लावला आणि हो म्हणाले. एका दुपारी रिक्षातून आम्ही उस्मानपुऱ्याला गेलो. कमलताई, सोजरबाई आणि नाडी मोजायला मी. विमलबाई शाळा सुटल्यावर परस्पर येऊन इमारतीखाली उभ्या होत्या. "सहज आले," त्या म्हणाल्या. त्यांची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

पहिला मजला झाला. सोजरबाईंनी मनगट धरलं, मी घड्याळ. पाच ईसा. थांबलो. दुसरा मजला. कमलताईंच्या कपाळावर घाम होता, पण त्या बोलत होत्या. सबंध वेळ एकच वाक्य घोकत होत्या. दार उघडल्यावर काय म्हणायचं, ते आठ दिवसांपासून ठरलं होतं, आणि ते दम न लागता म्हणता आलं पाहिजे, हीच खरी अट होती. तिसऱ्या मजल्याच्या सहा पायऱ्या राहिल्या तेव्हा सोजरबाईंनी सगळ्यांना थांबवलं. कमलताईंना दोन मिनिटं उभं केलं, पदर नीट केला, घाम पुसला. आम्ही तिघी खालच्या वळणावर भिंतीला चिकटून उभ्या राहिलो.

बेल वाजली. दार उघडलं. "अगंबाई, वहिनी, तुम्ही? कशा आलात?" प्रमिलाबाईंचा आवाज.

"ह्या बाजूला आले होते," कमलताई अगदी संथपणे म्हणाल्या. "म्हटलं डोकवावं."

विमलबाईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला, की चार दिवस वळ राहिला.

तासाभरानं कमलताई खाली आल्या. उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, उतरणं त्यांना चढण्यापेक्षा अवघड गेलं. आम्ही रिक्षात दाटीवाटीनं बसलो.  क्रांती चौकापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, "फ्रिजमध्ये काही नाही. दोन पाण्याच्या बाटल्या आणि अर्धं लिंबू."

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी नंतर कुठल्याही बऱ्या झालेल्या पेशंटच्या चेहऱ्यावर बघितलं नाही.

ती उठबस पुढं बरीच वर्षं चालली. बायका बदलत गेल्या. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा विमलबाईंनी अंगणात पेढे आणले. कमलताईंनी डबा हातात घेतला, आधी विमलबाईंना पेढा भरवला, मग स्वतः दुसरा उचलायला लागल्या, तर सोजरबाईंनी झाकण लावलं. "एकच. अन् दोन फेऱ्या जास्त." त्याच वर्षी त्यांनी काम सोडलं. डॉक्टरांनी छोटा समारंभ ठेवला आणि सत्काराला खुर्ची मांडली. सोजरबाईंनी शाल उभ्यानंच घेतली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. वेरूळहून परत येताना आमची बस दौलताबादच्या फाट्यावर चाकात बिघाड होऊन थांबली होती. संध्याकाळ व्हायला आली होती. रस्त्याच्या कडेला सोजरबाई उभ्या होत्या. आता अंगानं बारीक झालेल्या, पण तशाच ताठ. मला ओळखलं. माझ्या पोटाकडं बघून "वाढलीस" म्हणाल्या.

"इथं कुणाची वाट बघताय?"

"सुनेची. वाळूजच्या कंपनीत जाती. कंपनीची गाडी हितं सोडती." घर तिथून दोन मैल आत होतं. मुलाचा टेम्पो होता, तो येऊन नेऊ शकला असता. "त्यो म्हणतो, मी आणतो. मी म्हणलं, नको. दिसभर ती एका जागी उभी राहती, डब्यात डबे घालती. त्या मशनीचा आवाज एवढा, की कोणाशी बोलायची सोय नाय. घरी आली की चुलीम्होरं बसती अन् भिंतीकडं बघती. मागं छातीत दुखतं म्हणली, तर पिंगळीकर सायबाकडं नेली. त्यांनी सगळं तपासलं. म्हणले, काळीज चांगलं हाय. मंग मी इथवर यायला लागले. रोज जाताना दोन मैल, येताना दोन मैल."

गाडी आली. निळा ॲप्रन घातलेली एक सडपातळ बाई उतरली, सासूला बघून काही बोलली नाही, नुसती पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला मान लववली. दोघी कच्च्या रस्त्याला लागल्या. पन्नास-साठ पावलं दोघी गप्पच होत्या. मग सुनेनं काहीतरी म्हटलं. मग आणखी काहीतरी. मग ती थांबून, हातवारे करून, कुणाची तरी नक्कल करून दाखवायला लागली, सुपरवायझरची असावी. मग परत चालत बोलायला लागली आणि बोलतच राहिली.

सोजरबाई एक शब्द बोलत नव्हत्या. मान किंचित तिच्या बाजूला झुकवून चालत होत्या, तिच्या पावलानं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तोवर त्या दोघी ज्वारीच्या शेताच्या वळणाआड गेल्या होत्या, आणि सुनेचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.